आईच्या रकान्यात

मंगळवार, १४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

आम्ही सुखरूप आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहितो. दाजींना नमस्कार. टायरच्या दुकानाच्या मालकाने आठवड्याची सुटी दिली, वर टोमणाही मारला, "कॉलेज अर्धं सोडलंस, बाप तरी पुरा हो."

मुलगी पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत आहे, पण रडते खणखणीत. मास्तर दिवसातून सहा वेळा भिंत धरत धरत तिच्यापर्यंत जातो. शिलाई मशीनवर वाकलेला मास्तर पाहून मी वेडा झालो होतो, ते तुला माहीत आहे. आता त्याला त्या पेटीवर वाकलेलं पाहतो आणि पार कामातून जातो.

ताई, काल फोनवर अर्धंच सांगितलं. उरलेलं तोंडाने जमणार नाही.

जन्मनोंदणीच्या खिडकीत कारकुनाने आईचं नाव विचारलं. मी मास्तरचं सांगितलं. त्याने ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"हा तर पुरुष आहे."

"हो. जन्मला मुलगी म्हणून, मग कागद बदलून घेतले. बाळ त्याच्याच पोटचं आहे."

"आईच्या रकान्यात पुरुष बसत नाही. बाईचं नाव सांगा, नाहीतर प्रकरण साहेबांकडे जाईल."

साहेब म्हटल्यावर पुढचं सगळं डोळ्यासमोर आलं. मास्तरचे कागद काढून घेतील, बाळाला कुठल्यातरी संस्थेत नेऊन ठेवतील. मागे रांग खेकसत होती. माझं डोकं कसं आहे, तुला सांगायला नको. जन्मतारखेसकट एकाच बाईचं नाव मला पाठ होतं. तुझं.

संध्याकाळी त्याच नोंदीवरून पेटीवर चिठ्ठी लागली. आई म्हणून तुझं नाव. मास्तरने ती दोनदा वाचली. म्हणाला, "मग माझ्या पोटावरचे टाके कुणाचे रे?" तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

वकीलबाई म्हणतात, कागदावर मास्तर बाळाचा कुणीच नाही. उद्या मला काही झालं तर तिला दवाखान्यात न्यायचाही त्याला हक्क नाही. दुरुस्ती होऊ शकते. त्याला आई लिहायचं, बाप लिहायचं की नुसतं पालक, ते साहेब ठरवणार, कारण कायद्यात त्याच्यासारख्यासाठी ओळच नाही. पण त्याआधी, पुढच्या गुरुवारी, तुला बोलावतील. खोटं मी सांगितलंय, शिक्षा मी भोगेन. शिक्षेला मी घाबरत नाही.

खरी भीती वेगळीच आहे. काल कागदावर तुझं नाव आहे म्हटल्यावर तू शिव्या घालशील असं वाटलं होतं. तू तर हळूच विचारलंस, "केस आहेत का रे तिला?"

ताई, तुझी ती सात वर्षं, ती इंजेक्शनं, दर वेळी रिकाम्या हातांनी परत येणं, सगळं मी पाहिलंय. म्हणूनच तुझा तो आवाज ऐकून हे पत्र लिहायला बसलो.

केस आहेत. भरपूर आहेत. तू ये, तिला मांडीवर घे, हवा तेवढा वेळ घेऊन बस. आत्या म्हणून.

पण साहेब विचारतील, "हे मूल तुमचं का?" तेव्हा नाही म्हण. खूप जड जाईल, तरी म्हण. नंतर बाहेर येऊन माझं थोबाड फोड.

तुझ्या एका 'नाही'वर जीव टांगून बसलेला,
तुझा धाकटा