फाट्यावरचा ओव्हरटेक

९ नोव्हेंबर

धडकलो! मुलचेऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर. हे मोटारसायकल चालवत होते, मी मागे. समोर धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर हळू झाला. यांनी उजवीकडून गाडी घातली, आणि ट्रॅक्टरच्या आडून रिना स्कुटीवर बाहेर आली — बाजूच्या बंगाली गावातली, शिवणक्लासला जाणारी पोर. तिचं कोपर सोललं, स्कुटीचा दिवा फुटला. माझी साडी फाटली. यांच्या उजव्या हाताला प्लास्टर. तोंडाला मात्र काही झालं नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या सुरूच — "ते काऊन नाई थांबली?"

११ नोव्हेंबर

जेवताना खटला. काडेपेटी म्हणजे आमची गाडी, वरवंटा म्हणजे ट्रॅक्टर, लिंबाची फोड म्हणजे रिना. डाव्या हाताने सगळं सरकवतात. काल काडेपेटी चाळीसच्या वेगाने धावत होती, आज वीसवर आली. अजून चार दिवसांनी आम्ही त्या वेळी घरीच बसलो होतो, असं निघेल!

१२ नोव्हेंबर

नागपूरहून अश्विनचा फोन. "चूक बाबाची असन तं गाडी विकून टाकतो मी. आई, तू मागं होतीस. तूच सांग."

मी म्हटलं, भाजी करपून राह्यली. फोन ठेवला.

भाजी नव्हतीच. गाडी गेली तर यांचा ठेल्यावरचा चहा गेला, बाजार गेला, मिशीची ऐट गेली. माझं माहेरही गेलं, तिकडे बस कुठे धड जाते? पण पाहिलं ते पाहिलं. ट्रॅक्टरवाल्या लच्छूने हात बाहेर काढून थांबायची खूण केली होती. फाट्यावर पुढे काढायचं नसतं, हे गावभर सांगत कोण फिरतं? हेच!

१५ नोव्हेंबर

रिना मासे घेऊन आली. "काकू, काकांचा हात कसा आहे?" ती गेल्यावर हे काटे काढत म्हणाले, "पाह्य! चूक असल्याबिगर कोनी मासे आनते का?"

आधी हसू आलं, मग राग. पोरीचं कोपर अजून ओलं आहे. काडेपेटी उचलली आणि वरवंट्याच्या मागे ठेवली. "इथी राह्यची होती हे. लच्छूनं हात केला होता. मी पाह्यला. तुमीबी पाह्यला."

यांनी हातातला काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग — "तवा काऊन नाई बोलली?"

"हेल्मेटात माहं आयकू येते का तुमाले?"

मग हळूच, "तुले काई झालं अस्तं तं..." काडेपेटी आणखी मागे सरकवली त्यांनी.

१६ नोव्हेंबर

अश्विनला सगळं सांगितलं. म्हटलं, विक गाडी. आन् त्यात मले स्कुटी घेऊन दे. त्याने दोनदा विचारलं, "कोनाले?"

२ डिसेंबर

स्कुटी आली. रिना शिकवते. मी दोनदा स्कुटीसकट झुडपात गेले. तिचा फुटका दिवा यांनी बदलून आणला, कुणाला न सांगता. मला शिकताना मात्र ओट्यावरून बघतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "स्कुटी काय गाडी असते?"

९ डिसेंबर

शिकाऊ लायसन मिळालं. नियम असा — मागे पक्कं लायसन असलेला शिकवणारा माणूसच बसवायचा. घरात तो एकच! फाट्यावर ट्रॅक्टर होता. मी मागेच राहिले. उजवीकडे वळायचं होतं. आरशात पाहिलं — मी इंडिकेटर लावायच्या आधीच मागून यांचा प्लास्टरचा हात सरळ बाहेर!