वरचे पाहुणे आणि माझं घर

मी, सुमित्रा सूर्यकांत बेहेरे, वय पंच्याहत्तर, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त, राहणार वसंत कुंज, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो जोडावा लागला, कारण माझा एकुलता एक मुलगा जयदीप भर सुनावणीत अधिकाऱ्यांना म्हणाला, "मम्मी की उम्र हो गई है, कन्फ्यूज हो जाती हैं."

सुनावणी कशाची, तेही लिहिते. माझ्या वरचा फ्लॅट धवल खुराना यांनी घेतला. स्वतः राहतात गुरुग्रामला, आणि इथे रात्रीच्या भाड्याने पाहुणे उतरवतात. जिन्यात बाटल्या, वर नाचगाणी. त्यांचं बघून जिन्यातल्या इतरांनीही तेच आरंभलं. राहत्या वस्तीत हे हॉटेल नको, असा अर्ज मी महापालिकेकडे केला.

पण माझाच मूर्खपणा नडला. वरचे पाहुणे चुकून माझी बेल वाजवत. दारी आलेल्याला उपाशी पाठवायची आपल्यात रीत नाही, म्हणून मी त्यांना पोहे देई. या मेल्या खुरानाने त्याची जाहिरात केली, 'खाली मराठी आंटींचा नाश्ता.' सुनावणीत पाहुण्यांनी काढलेले माझे पोहे देतानाचे फोटो दाखवून म्हणतो, "आंटी तो खुद खिलाती हैं, इन्हें क्या तकलीफ़?" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. निकाल अजून यायचा आहे.

जयदीप त्याच्या बाजूने का बोलला, ते त्याने घरी येऊन सांगितलं. "आई, यार, प्रॅक्टिकल हो. तुझ्यानंतर आपणही हेच करणार ना." चहा माझ्याच हातचा पीत होता.

आता व्यवस्था.

१. हा फ्लॅट जयदीपला मिळणार नाही. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं की जायचं कुठे, या धास्तीने ह्यांनी आणि मी पोटाला चिमटा काढून तो घेतला. तो माझी भाची मैत्रेयी हिला द्यावा. ती मुनिरक्यात एका खोलीत राहते आणि घरमालकाची लहर फिरली की सामान बांधते. तिने इथे राहावं. भाडेकरू ठेवलाच तर वर्षाच्या कराराने ठेवावा, रात्रीच्या हिशेबाने मुळीच नाही.

२. बँकेतली शिल्लक माझ्या वकील सलोनी यांच्याकडे द्यावी. निकाल विरुद्ध गेला तर त्यांनी अपील करावं. मी मेले म्हणजे अर्ज मागे घेतला, असं कोणी समजू नये.

३. दागिने सून अश्लेषाला. "तुम्ही आईंबद्दल असं बोलायला नको होतं," एवढं नवऱ्याला तोंडावर सांगायची हिंमत तिच्यात निघाली.

४. जयदीपला त्याच्या वडिलांची हत्यारांची पेटी, आणि या घरात कधीही येऊन राहायचा हक्क. मला त्याचा भयंकर राग आहे, पण पोर माझंच आहे. मैत्रेयीने त्याला जेवू घालावं.

साक्षीदार याच जिन्यातले असावेत अशी इच्छा होती. सगळी दारं वाजवली. एक तरुण म्हणाला, "लाइए आंटी, साइन कर देता हूँ, फिर एअरपोर्ट निकलना है." त्याला नको म्हटलं. तळमजल्यावरच्या शालिनीताई तेवढ्या भेटल्या. दुसऱ्या सहीसाठी माझ्या जुन्या ऑफिसातल्या सुधाकररावांना सरोजिनी नगरहून रिक्षा करून यावं लागलं.

सही: सुमित्रा सूर्यकांत बेहेरे
साक्षीदार: शालिनी देवस्थळी, याच जिन्यातल्या
साक्षीदार: सुधाकर नगरकर, जिन्यात दुसरं कोणी राहत नसल्यामुळे
नवी दिल्ली, ११ नोव्हेंबर २०२४