ट्रेलर अजून भरलेलाच आहे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा रक्तदाब सध्या एकमेकांशी पैज लावत नसतील, अशी आशा आहे. जुनं घर रिकामं करून आम्ही बाबांसह माझ्याकडे सुखरूप पोचलो. बाबा ठणठणीत आहेत. (माझ्याशी बोलत नाहीत, पण ते काही दुखणं नव्हे.)

सामान बाबांना विचारून भर, असं तू बजावलं होतंस. मी विचारलं नाही. तीस वर्षं गोदामात मुकादमी करून ज्यांनी लोकांचे ट्रक भरून दिले, त्यांना आपलंच घर ट्रेलरवर चढताना काय विचारायचं, असं वाटलं. (खरं म्हणजे घाई होती.) आईचं शिलाई मशीन इथे आल्याबरोबर लावायचं, म्हणून लोखंडी पायांसकट पार मागे, दाराशी ठेवलं. पुढे गाद्या आणि उशा. पट्टे असे आवळले की माझं मलाच कौतुक वाटलं. बाबा पायरीवर बसून बघत होते. "झालं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मोठ्या उतारावर ट्रेलर डोलायला लागला. आधी जरासा, मग इतका की गाडी मी चालवतोय की तो, हेच कळेना. मी ब्रेककडे पाय नेला आणि शेजारून बाबांचा आवाज आला, "ब्रेक नको. स्टिअरिंग सरळ धर, पाय उचल." (सायकल शिकवतानाचा तोच आवाज, ताई.) ट्रेलर हळूहळू शांत झाला. मला जरा वेळ लागला.

मग त्यांनी रस्त्याच्या कडेला सगळं उतरवायला लावलं. जड सामान खाली आणि चाकांच्या वर, भार किंचित पुढे. मागे जड झालं की ट्रेलरच गाडीला हलवतो, एवढं सांगून दोन तासांत पुन्हा भरून घेतलं. त्यानंतर अबोला. चार दिवस ट्रेलर अंगणात उभा आहे आणि बाबा एक वस्तू उतरवू देत नाहीत. भार छान बसलाय, मोडायचा कशाला, असं तुझ्या भावजयीला सांगतात. म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय! सगळ्यांना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. काल बाबांचा स्वेटर काढायला ट्रेलर उघडला. आधी लागणारं शेवटी भरायचं, हा त्यांचा नियम तुला पाठ आहे. स्वेटर, उशी, चपला, म्हणजे इथे लागणारं सगळं, पार पुढे कपाटाच्या पलीकडे. दाराशी, हाताला लागेल असं काय? जुन्या घराची पाटी, पायपुसणं आणि अंगणाचा झाडू. ताई, त्यांनी रस्त्यातच परतीचं सामान भरलं होतं. गुरुवारी त्या घराच्या विक्रीच्या कागदांवर सही करू नकोस, हात जोडतो.

ता. क. दुसरा. रविवारी त्यांना परत त्या घरी घेऊन येतोय. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आज नुसती ट्रेलरच्या चाकांत हवा भरत होतो, तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "नीट बघून भर. जाताना चढ आहे."