आईचा चौथा भाग

दादा,

"प्रिय" लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं दादा. मी बरी आहे. इस्पितळाच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करते. खोली कोरडी आहे, दोन वेळ जेवते. थोडा खोकला आहे, तो आईला सांगू नकोस.

मी घरी ठेवलेल्या कादंबरीमालिकेचे सहाही भाग तू रद्दीत घातलेस. एका शब्दाने विचारलं नाहीस. वर "पोरकट जादूची पुस्तकं" म्हणतोस! अरे, ती आई वाचत होती. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिने पहिल्यांदाच पुस्तक हातात धरलं होतं आणि चौथ्या भागाच्या मध्यावर आली होती. तुला घाबरून गप्प बसली. काल फोनवर हळूच मला म्हणाली, "त्या कैदी शहरातली पोर भिंत ओलांडते का गं? एवढंच सांग."

मी सांगितलं नाही. तिचं तिनेच वाचायचं.

चौथा भाग नवा घेऊन पाठवलाय. पार्सल आईच्या नावाने आहे, तू हात लावायचा नाहीस. तिच्या डोळ्यांत थेंब तरी वेळेवर घालतोस ना?

आईला नमस्कार. तुला, तिचं वाचून झाल्यावर.

तुझी बहीण