सुईबद्दल मी जे बोलले

३ फेब्रुवारी
पहिला दिवस झकास गेला! परळच्या या रुग्णनिवासाची मी आजपासून सुपरवायझर. गावाहून तपासण्यांना आलेली माणसं इथे उतरतात. मला टेबल मिळालं, चाव्यांचा जुडगा मिळाला आणि गळ्यात ओळखपत्र, त्यावर फोटोखाली ‘माया’. नायगावला घरी पोचले तर आईने ते काढूच दिलं नाही. कार्ड सांभाळत आमटी भात जेवले.

६ फेब्रुवारी
खाट अकरावरच्या बकुळाताई देवगडकडच्या. छातीत सुपारीएवढी गाठ आहे, परवा बायोप्सी. सामायिक स्वयंपाकघरात त्यांनी मला कुळथाची पिठी आग्रहाने वाढली आणि हळूच विचारलं, सुई लावल्यावर कॅन्सर पसरतो म्हणतात, खरं का?

मी सांगितलं, आमच्या अण्णांना, माझ्या वडिलांना, सुई लावली आणि दोन महिन्यांत सगळीकडे पसरला. हे मी आठवीत असताना काकांच्या तोंडून ऐकलेलं, बाकी मला काय ठाऊक? पण चारचौघी जमल्या होत्या, माझ्या कार्डाकडे बघत होत्या. मीही रंगवून सांगितलं.

८ फेब्रुवारी
अकरा रिकामी. बकुळाताई बायोप्सीला न जाता सकाळच्या गाडीने गावी गेल्या. घरचं काही निघालं असेल, असं मी रजिस्टरमध्ये लिहिलं. खरं कारण मला तेव्हाच कळलं होतं.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर इरावती दर आठवड्याला येतात. मैत्रिणीचं निमित्त करून त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सुईच्या वाटेने पेशी सांडतात, पण फार क्वचित, आणि काही ठरावीक कॅन्सरमध्येच. म्हणून तर सुई कुठून घालायची ते आधी ठरवतात. मात्र भिऊन थांबणाऱ्यांचा आजार वाढतोच, कारण उपचारच सुरू होत नाहीत.

घरी आईला विचारलं. अण्णांनी वर्षभर गाठ लपवली होती म्हणाली. सुईच्या आधीच पसरला होता.

बकुळाताईंचा फोन बंद लागतो. लाज वाटते. डॉक्टरांपुढे मैत्रिणीचं नाव केलं, त्याचीसुद्धा.

२ मार्च
नळावर दोघी बोलत होत्या. ऑफिसातल्या बाईचा बाप सुईनेच गेला म्हणे. मला बघून अदबीने सरकल्या. खाट चार आणि एकोणीस रिकाम्या झाल्या. दोघींची या आठवड्यात बायोप्सी होती.

९ मार्च
सगळ्यांना जमवून सांगितलं, माझं चुकलं, मी ऐकीव बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक म्हातारी ऑफिसात आली, दार लोटलं आणि म्हणाली, “डॉक्टरांनी दम दिलो काय गो? आता खरा काय ता सांग.”

मी सांगितलं तेच खरं होतं. तिने विश्वास ठेवला नाही.

४ एप्रिल
खाट सात रिकामी. बावीस. आज तेरा.
जिन्यात अनोळखी बाई अण्णांची गोष्ट सांगत होती. त्यांचा खोकला, त्यांची उशी, सगळं. उशीबद्दल मी कधी कुणाला बोललेच नव्हते, ती कुणीतरी नव्याने जोडली—

२० मे
डॉक्टर इरावतींनी विचारलं, ही अफवा कुणी सुरू केली. मी म्हणाले, माहीत नाही.
माहीत नाही म्हणाले मी.

११ जून, दुपार
आधी वास आला. मग बकुळाताई.
ब्लाउजखाली टॉवेलची घडी, ओली. गाठ फुटली. विष आपोआप बाहेर पडलं म्हणतात. किती वाळल्यात! आणि हसतायत. माझ्यासाठी कोकमं आणलीत. माझे हात धरून म्हणाल्या, तुझ्यामुळे जीव वाचलाय.

सोबत धाकटी बहीण शेवंती आहे. तिलाही गाठ, लहानशी. उद्या दहाला बायोप्सी. फक्त मला विचारायला आल्यात.

चहाला बसवलंय बाहेर. मी आत. लिहीत बसलेय.

खरं सांगितलं तर शेवंती वाचेल. पण शेजारी बकुळाताई असतील. ऐकतील. त्यांना कळेल की मी त्यांना—

तेच पुन्हा सांगून टाकावं, असं आत्ता मनात आलं. आलं. लिहून ठेवते. इतकी मी—

शेवंतीला एकटीला बोलवू? बकुळाताई तिचा हात सोडत नाहीत.

दार वाजलं. दोघी आत आल्या. बकुळाताईंनी तिला खुर्चीत बसवलं, मागे उभ्या राहिल्या. “हिका पण तसाच सांग, बाय.”

लिहिता लिहिता मान वर करते. सांगते. बकुळाताई, मी तुम्हाला त्या दिवशी खोटं