हाकेआधीची ओ

४ ऑगस्ट
जिंतूर रस्त्यावरच्या या गावात आज सामान उतरवलं. घरमालक येडबांची भाड्याची खोली गावाबाहेर, वर पक्का स्लॅब, मावळतीला सोयाबीन आणि नुसतं आकाश. परभणीतलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद केल्याचं दुःख नाही, थकलो होतो. आजारपणाने बायको, कस्तुराही थकलीय. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा द्या. दुर्बीण वर चढवताना येडबांनी विचारलं, दिनकरराव, एवढा मोठा पाइप, बोर घ्यायलात का? त्यांच्या बायको भिवराबाई म्हणाल्या, तुमच्या मेंढरांपेक्षा तरी कामाचा असंल. कस्तुरा कितीतरी दिवसांनी हसली. दुर्बिणीचा आरसा मी स्वतः घासलाय. शिक्षण दहावी, पण कुणीही यावं आणि त्यात खोट काढून दाखवावी.

९ ऑगस्ट
पावसाने उघडीप दिलीय. संध्याकाळी ते सापडलं: दुसऱ्या कुठल्याशा ताऱ्याकडून आपल्या सूर्याकडे निघालेलं शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू. पेपरवाल्यांनी उल्का लिहिलंय. उल्का वेगळी, ती जळून जाते. हा बर्फाचा आणि धुळीचा गोळा. इतक्या लांब त्याला सूर्याची ऊब लागायलाच नको, बर्फ झोपलेला हवा. पण टिपक्याच्या कडा धूसर आहेत. वाफ सुटलीय. न बोलावताच जागं झालंय.

१४ ऑगस्ट
शेपूट सूर्यापासून लांब पडायला हवं. इथे धूळ उलट सूर्याकडेच निघालीय. पुन्हा पुन्हा तपासलं, आरशाचा दोष नाही.
खाली येऊन चहा मागायला तोंड उघडणार, तोच कस्तुरा आतून म्हणाली, आले हो. हल्ली असं रोज होतं. संसार मुरला की होत असावं.

२० ऑगस्ट
भिवराबाईंनी अडवलं. म्हणाल्या, भाऊ, वहिनी ओसरीवर बसून एकल्याच ओ द्यायल्यात. आमच्यात पहिल्या हाकेला कुणी ओ देत न्हाई, तिसरीपर्यंत थांबायचं. जे माणूस न्हाई ते तीनदा हाक मारत न्हाई. मी त्यांना शेंडेनक्षत्राचं सांगत बसलो, बर्फाची थेट वाफ कशी होते ते समजावलं. म्हणाल्या, लय शिकलात, पर हाक कोण मारायलंय ते सांगा की.
वारा नव्हता. कस्तुराचा पदर मावळतीकडे उडत होता.

२४ ऑगस्ट
मुद्दाम संध्याकाळभर गप्प राहिलो. ती मात्र ओ देत राहिली, मावळतीकडे तोंड करून. हात धरला — गार, ओला. पुसला तरी ओला. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. विरायला लागलीय. येडबा म्हणाले, आत्ताच ऑटो बोलावतो, परभणीला दवाखान्यात न्या. मी म्हटलं, उद्या. आजचं आकाश स्वच्छ होतं —

२५ ऑगस्ट
ऑटो आला. ती नाही.
ओसरीपासून सोयाबीनपर्यंत ओली पावलं. पुढे पावलं नाहीत, नुसती ओल. येडबा कुत्रं घेऊन शोधायला गेलेत. उद्या, असं मीच म्हटलं. मीच.

२६ ऑगस्ट
सूर्य बुडायलाय. सोयाबीनमधून हाक आली — दिनकर. आवाज तिचाच. पण जन्मात तिने मला नावाने हाक मारली नाही. उखाण्यातसुद्धा अडखळायची. म्हणजे ती नाही. भिवराबाई खुणावतायत, गप्प — गप्प बसा —
थकलोय. आणि तीच असली तर —
दुसरी हाक अजून आलेली नाही. ओठ घट्ट मिटलेत. तरी ओ आली. बाहेरून. माझ्याच आवाजात —
बोटं गार. कागद ओला, शाई पस—