अहवालातलं 'निरंक'

बुधवार, संध्याकाळ, सोलापूर

डोक्यातून ते 'निरंक' जात नाहीये. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, आकडे भरायचे, ही आमच्या महामंडळाची वार्षिक अहवालाची रीत. त्यात 'कामावर असताना मृत्यू' या रकान्यात जुनं 'निरंक' तसंच राहिलेलं. आणि याच वर्षी मंद्रूपच्या आमच्या गोदामात पोत्यांची थप्पी कोसळून युनूसभाई गेले.

साहेबांना दाखवलं. म्हणाले, "मॅडम, ते कंत्राटदाराचे हमाल. आपले कर्मचारी नव्हते की."

आपले नव्हते? मग गोदामातल्या शोकसभेत हेच साहेब म्हणाले होते ना, "आपल्या घरातला माणूस गेला"? युनूसभाईंची बायको समोर बसली होती. डोळे पुसत म्हणाली, "तेवढं म्हनला, लई झालं साहेब."

हा अहवाल विधानसभेपुढे जाणार, कुणीही वाचणार. तिथंही निरंक? मी कोण एवढी ठरवणारी?

तरी निघताना ते काढलं. 'एक' लिहिलं, पुढं युनूसभाईंचं नाव. प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. खोडायचंच असेल तर खोडू देत. पण घरातल्या माणसाचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं खोडावं.